सील शाबूत आहे

खोटा पेशंट रुग्णालयात आला त्या दिवशी लिफ्ट त्याच्यासाठी रिकामी ठेवण्यात आली, आणि खरे पेशंट जिन्याने गेले.

तो लाकडी खोक्यातून आला. खोक्याच्या दोन्ही बाजूंना 'ही बाजू वर' असं छापलेलं असल्यामुळे तो बराच वेळ पालथा होता, पण त्याची काही तक्रार नव्हती. आतून निघाला तो चांगला धडधाकट रबरी गृहस्थ. त्याला मनगटात नाडी होती, छाती वरखाली व्हायची, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या व्हायच्या, आणि कॉम्प्युटरवर बटण दाबलं की तो तीन तऱ्हांनी कण्हायचा. अतिदक्षता विभागातल्या नर्सना घडीभर पाय पसरायला आणि चहा प्यायला जी एकुलती एक खोली होती, ती त्याला मिळाली. खोलीत एसी बसला. दारावर पाटी लागली, 'परिचारिका आत्मविश्वास केंद्र'. त्या दिवसापासून परिचारिका चहा जिन्यात उभ्याने पिऊ लागल्या.

नर्सनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. न बोलावता आला, घरातली बरी खोली बळकावली, दिवसभर लोळतो, आणि त्याला जरा खुट्ट झालं की सगळ्या घराची धावाधाव! दुसरं नाव सुचायला वावच नव्हता.

विभागाच्या इनचार्ज सिस्टरना सगळे तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'करवत'. आवाज तसाच होता. पलीकडच्या वॉर्डातला पेशंटसुद्धा त्या ओरडल्या की आपली गोळी मुकाट्याने गिळून टाकायचा. पण जावईबापू आले तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद बाईंना झाला होता. कारण त्यांनी एकच गोष्ट वर्षानुवर्षं पाहिली होती. नवीन मुलगी परीक्षा पास होऊन येते, हुशार असते, सगळं पाठ असतं. मग पहिल्यांदा एखाद्या माणसाचं हृदय तिच्यासमोर थांबतं, आणि त्याच्याबरोबर तिचंही. हात गार पडतात, समोर ठेवलेली वस्तू दिसत नाही. ज्याच्यावर चुकता येईल, ज्याला दहा वेळा मारून अकराव्यांदा वाचवता येईल, आणि ज्याची बायको दाराबाहेर बसलेली नसेल असा एक पेशंट मिळावा, हे बाईंचं जुनं मागणं होतं. ते पुरं झालं होतं.

बाईंनी शिकवण्याचा आराखडा केला आणि स्टोअरकीपरकडे गेल्या.

प्रत्येक अतिदक्षता विभागात एक ढकलगाडी असते, क्रॅश ट्रॉली. माणूस कोसळला की लागणारी सगळी औषधं त्यात रचलेली असतात, आणि कुणी त्यातून किरकोळ काही उचलू नये म्हणून तिला प्लास्टिकचं लाल सील असतं. वेळ आली की ते हिसका देऊन तोडायचं.

"तोडायचं नाही," स्टोअरकीपर म्हणाला. सील त्याच्या ताब्यात असे, आणि औषधांपेक्षा त्याचा सीलवर जास्त जीव.

"अरे, पण शिकवायचं कसं?"

"बाई, सील तोडलं की फार्मसीचा माणूस येणार, एकेक वस्तू तपासणार, नवं सील लावणार, मग मी सही करणार. तुम्ही रोज तोडणार. म्हणजे मी रोज सह्याच करत बसू?"

"मग मुलींनी काय करायचं?"

"बोलायचं. 'ट्रॉली उघडली' म्हणायचं. 'औषध दिलं' म्हणायचं. पेशंट खोटा, औषधही खोटं. हिशेब चोख!"

"मुदत संपलेल्या औषधांच्या काचेच्या अँप्युल तरी दे. फोडायला."

"त्या परत कंपनीला जातात," तो दुखावल्या स्वरात म्हणाला. जणू बाईंनी त्याच्या मुलीला पळवून नेण्याची भाषा केली होती.

बाई तिथून यंत्रांच्या इंजिनीअरकडे गेल्या. त्याने सांगितलं की छातीवर दाब द्या, पण बेताने. आतली स्प्रिंग बाहेरून मागवावी लागते. तिथून प्रशासकांकडे गेल्या. प्रशासक हसतमुख गृहस्थ होते. मुळात त्यांनी कधी पेशंट पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची टवटवी होती. त्यांची एकच अट होती.

"पुतळा दगावता कामा नये."

"साहेब, चुकीचं केलं तर पेशंट दगावतोच. त्यासाठीच तर..."

"बाई, आपल्याला मुलींचा आत्मविश्वास वाढवायचाय की खच्ची करायचाय? शिवाय पाहुणे येणार. पाहुण्यांसमोर मृत्यू बरा दिसतो का?"

मग कॉम्प्युटर तसा लावण्यात आला. काहीही करा, किंवा काहीच करू नका, जावईबापू थोडा वेळ आडवेतिडवे आकडे दाखवत आणि मग आपले आपण बरे होत. बाईंनी चार दिवस भांडण केलं. शेवटी 'तूर्तास असंच चालू द्या' असं उत्तर आलं. तूर्तास हा शब्द त्या इमारतीतला सगळ्यांत दीर्घायुषी रहिवासी होता. काहीच नसण्यापेक्षा बरं, असं स्वतःला समजावून बाई कामाला लागल्या.

विभागात तेव्हा एक नवीन नर्स होती. तिला चिमणी म्हणत, कारण तिचा आवाज. पेशंटला 'काका, कूस बदला' म्हणायची तर काकांना वाटायचं खिडकीत काहीतरी आहे. पहिल्या दिवशी जावईबापूंचं हृदय थांबलं तेव्हा ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"काय गं, जावयाला बघून लाजलीस?" बाई करवतल्या. "पुढे ये. मोठ्याने बोल. डॉक्टरला कळलं पाहिजे तू काय करत्येस."

चिमणी पुढे आली. रोज येत राहिली. सील लावलेल्या ट्रॉलीसमोर उभी राहायची, हात उंच करायची आणि म्हणायची, "ट्रॉली उघडली. अ‍ॅड्रिनलिन एक मिलिग्रॅम. दिलं." आवाज दिवसेंदिवस वाढत गेला. शेवटच्या आठवड्यात ती "दिलं!" म्हणाली की काचा थरथरायच्या आणि जावईबापू ताबडतोब शुद्धीवर यायचे. पाहुणे आले, टाळ्या झाल्या. मुलींना विचारण्यात आलं, तुमचा आत्मविश्वास वाढला का? सगळ्यांचा वाढला होता. चिमणीचा हात उंचावलेला फोटो मोठा करून लिफ्टशेजारी लावला. चिमणीने तो दाखवायला आईला बोलावून आणलं, आणि आईने लिफ्टमधून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला, "ही आमची," असं सांगितलं.

मग खरा पेशंट आला.

तो बस कंडक्टर होता. हृदयाचा झटका येऊन दोन दिवस झाले होते, बरा होत होता, आणि पडल्या पडल्या "पुढे सरका, पुढे सरका" असं म्हणून सलाईन बदलणाऱ्या नर्सना हसवत होता. दुपारी जेवणाच्या ताटाकडे बघत तो चिमणीला म्हणाला, "ताई, यात मीठ घालायला तुमचा स्वयंपाकी विस..." आणि वाक्य तिथेच थांबलं. मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी झाली आणि आडवी पडली.

चिमणी घाबरली नाही. हे नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिने बटण दाबलं, हाक मारली, पलंग सपाट केला. निवासी डॉक्टर धावत आला आणि छातीवर दाब देऊ लागला. दुसरी नर्स फुग्याने श्वास देऊ लागली.

"अ‍ॅड्रिनलिन!" डॉक्टर म्हणाला.

चिमणी ट्रॉलीसमोर ताठ उभी राहिली, हात उंच केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ट्रॉली उघडली! अ‍ॅड्रिनलिन एक मिलिग्रॅम! दिलं!"

"दिलं. ठीक," डॉक्टर मान खाली घालून दाब देत म्हणाला.

बाई पलीकडच्या पलंगावरून येत होत्या. तो आवाज ऐकून त्यांचा ऊर भरून आला. चिमणीचा हा एवढा आवाज! आणि त्यांची नजर ट्रॉलीवर गेली.

लाल सील जागच्या जागी होतं.

बाईंनी चिमणीला खांद्याने बाजूला सारलं, सील हिसकलं, अँप्युलची मान मोडली, सिरिंज भरली, शिरेतल्या नळीतून औषध सोडलं, मागून सलाईन ढकललं, औषध हृदयाकडे उतरावं म्हणून कंडक्टरचा हात वर धरला.

"आता दिलं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरने प्रथमच मान वर केली. कंडक्टर परत आला, चिवट माणूस. पण चिमणी आपल्या दोन्ही हातांकडे बघत उभी होती. ते हात जणू कुणीतरी तिच्याकडे ठेवायला दिले होते, आणि कुणी दिले ते तिला आठवत नव्हतं.

संध्याकाळी ती बाईंना कपड्यांच्या खोलीत सापडली. चादरींच्या गठ्ठ्यावर बसली होती.

"बाई, मी खोटं नाही बोलले."

"माहीत आहे मला."

"मला खरंच वाटलं, मी दिलं. हातात सिरिंज जाणवली मला. शप्पथ." मग ती अगदी जुन्या, खिडकीतल्या आवाजात म्हणाली, "मी नोकरी सोडते. मला आता कशाचीच खात्री नाही. सकाळी दात घासले ते तरी घासले का..."

बाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण ती सवय नसल्यामुळे त्या ओरडल्या, "सोडून जाशील तर तंगडी मोडीन! ऊठ, चादरींना सुरकुत्या पडतायत."

दुसऱ्याच दिवशी चौकशी लागली. निष्काळजीपणा आणि दिशाभूल असे दोन आरोप, आणि 'सेवेतून कमी का करू नये' असा प्रश्न. लिफ्टशेजारचा फोटो मात्र त्याआधीच उतरला होता. त्या इमारतीत इतक्या तत्परतेने झालेलं हे पहिलंच काम.

घरी बाईंनी भाजी चिरायला घेतली, तर पाटावर सुरीचा आवाज असा येऊ लागला की त्यांचे यजमान हातातला पेपर ठेवून स्वयंपाकघरात आले. ते गाडी चालवायला शिकवत. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून दुसरा ब्रेक सांभाळल्यामुळे जेवतानाही त्यांचा उजवा पाय मधूनमधून जमिनीत दाबला जायचा.

"अगं, काकडीने काय केलंय तुझं?"

बाईंनी सगळं सांगितलं. "आणि आता सगळं खापर त्या पोरीच्या डोक्यावर! अहो, तिने तेच केलं जे तिला शिकवलं. अगदी तंतोतंत! रोज सांगितलं, तोडू नको, फोडू नको, नुसतं बोल. बोलली! त्यांनी तिचं कौतुक करायला हवं, इतकी आज्ञाधारक पोरगी दुसरी मिळणार नाही."

"मग हे तिथे सांग."

"सांगणारच आहे. ऐकायला कान नकोत का?"

"तुझा आवाज आहे ना," यजमान म्हणाले, "कान आपोआप येतील."

चौकशीला प्रशासक, अधीक्षक आणि स्टोअरकीपर बसले होते. अधीक्षक म्हणजे रुग्णालयातले सगळ्यांत वरचे डॉक्टर; सज्जन, थकलेले, आणि दोन्ही बाजूंचं पटणारे. निवासी डॉक्टरने खरं ते सांगितलं, आपण मान वर केली नाही हेही सांगितलं. चिमणी खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"सरळ केस आहे," प्रशासक म्हणाले. "औषध न देता दिलं म्हणाली. आमचं प्रशिक्षण झालेलं असूनही."

"झालेलं असूनही नाही साहेब, झालेलं असल्यामुळे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या केंद्रात या मुलीने कितीतरी वेळा औषध दिलं. एकदाही दिलं नाही. आणि प्रत्येक वेळी पेशंट वाचला. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. हाताला काय कळतं साहेब? हाताला जे करायला लावाल तेच कळतं. तुम्ही हाताला वर व्हायला शिकवलंत, तो वर झाला. दोष हाताचा?"

"पण तारतम्य नावाची काही चीज..."

"हृदय थांबल्यावर तारतम्याला वेळ नसतो. म्हणून तर सराव करायचा! तारतम्यावर भागलं असतं तर तो रबरी जावई कशाला पोसला?"

"बाई, भाषा," अधीक्षक हळूच म्हणाले.

"भाषा माझी वाईट आहे, मान्य. पण त्या सीलला हात लावायचा नाही, हा हुकूम कुणाचा? छाती जोरात दाबायची नाही, स्प्रिंग जाते! कंडक्टरच्या छातीत स्प्रिंग नव्हती, बरगड्या होत्या. पुतळा मरायचा नाही, पाहुणे येतायत! अहो, ज्याला मरताच येत नाही त्याला वाचवायला शिकून काय करायचं? मुलींना घाबरायला जागा द्या साहेब. ती खोली त्यासाठी होती. तिथे घाबरून झालं की पलंगाशी घाबरावं लागत नाही. तुम्ही तिथे त्यांना नुसतं ओरडायला शिकवलंत, आणि त्याला आत्मविश्वास म्हणालात!"

स्टोअरकीपर म्हणाला, "सील मात्र शेवटपर्यंत शाबूत होतं," आणि त्याच्या आवाजात अभिमान होता.

अधीक्षकांनी बराच विचार केला. मग सगळ्यांचं समाधान होईल असा निर्णय दिला. मुलीला काढू नये. मात्र तिला पुन्हा त्याच केंद्रात तेच प्रशिक्षण द्यावं, आणि बाईंनीच द्यावं. त्यात ती सुधारली नाही तर मग पाहता येईल.

"तेच?" बाईंनी विचारलं. "अगदी तेच?"

"तेच," प्रशासक उदारपणे म्हणाले. "आमचा मुलींवर विश्वास आहे."

बाईंनी मोठा श्वास घेतला. जे त्यांना ओळखत होते त्यांनी कानांवर हात ठेवले. पण बाई काहीच बोलल्या नाहीत. त्या उठल्या, चिमणीच्या दंडाला धरलं आणि बाहेर पडल्या. हे त्यांच्या ओरडण्यापेक्षा भयंकर होतं, पण ते त्या तिघांना कळायला वेळ लागला.

विभागातली क्रॅश ट्रॉली बाईंनी तिथेच राहू दिली. जावईबापूंच्या खोलीत शोभेसाठी दुसरी, भरलेली आणि सील केलेली ट्रॉली होतीच. फोटोत चांगली यायची. बाईंनी दार लावलं, कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि 'आपोआप बरे होणे' या चौकोनातली खूण पुसून टाकली.

"सील तोड," त्या चिमणीला म्हणाल्या.

"बाई, तोडायचं नाही ना..."

"तोड!"

चिमणीने सील ओढलं. ते तुटेना. सील हिसका देऊन तोडायचं असतं, हळू ओढलं तर बोटाला कापतं, हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या हिसक्याला तुटलं. अँप्युल सापडेना, ती कुठल्या खणात असते हे पाठ होतं, पण हाताने तो खण कधी उघडला नव्हता. सापडली तर मान मोडेना. मोडली तर काच बोटात गेली. तेवढ्यात कॉम्प्युटर एका सुरात वाजू लागला.

"हे काय झालं?" चिमणी म्हणाली.

"गेले जावईबापू."

चिमणी पुतळ्याकडे पाहत राहिली आणि रडू लागली. एका रबरी माणसासाठी इतकं खरं कुणी रडलं नसेल. बाईंनी तिच्या बोटाला पट्टी लावली, रडणं संपेपर्यंत थांबल्या, मग बटण दाबलं. जावईबापू कण्हले.

"पुन्हा."

दुपारभर जावईबापू मरत राहिले. छातीतली स्प्रिंगही गेली, तिने काटकन आवाज केला आणि बाई म्हणाल्या, "आत्ता कुठे दाब बरोबर पडला." अँप्युल मोडल्याचा तो टक् आवाज बाहेर जिन्यात चहा पिणाऱ्या नर्सनी ऐकला. एकीने दार किलकिलं केलं.

"बाई... मीपण येऊ?"

"तुझं तर झालंय प्रशिक्षण. टाळ्यापण झाल्यात."

"हो, पण," ती पायाकडे बघत म्हणाली, "सील मीपण कधी तोडलं नाही."

मागे आणखी चौघी उभ्या होत्या. त्यांच्यातली एक तर बाईंपेक्षा थोडीच लहान. स्टोअरकीपर आला तोवर खोली भरली होती, ट्रेमध्ये फुटक्या काचांचा ढीग होता आणि तुटलेलं सील जावईबापूंच्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं होतं. तो दारात उभा राहून ओरडू लागला. कुणी ऐकलं नाही. जावईबापूंचं हृदय थांबलेलं होतं आणि सगळ्यांना काम होतं.

काही दिवसांनी सकाळची फेरी चालू असताना खिडकीजवळच्या पलंगावर एक म्हातारी कोसळली. त्या पलंगाची जबाबदारी चिमणीकडे होती. डॉक्टर दाब देऊ लागला. बाई दोन पावलांवर होत्या. त्यांचे हात आपोआप पुढे झाले, आणि तेव्हा त्यांना यजमानांचा पाय आठवला, जेवताना जमिनीत दाबला जाणारा. दुसरा ब्रेक आपल्या पायाखाली असताना तो न दाबता बसणं हे काम केवढं असेल, हे बाईंना लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसरा घट्ट धरून ठेवला.

चिमणीने हात उंच केला नाही. ती काही बोललीही नाही. सील तुटल्याचा आवाज आला. मग टक्. डॉक्टरने या वेळी मान वर करून पाहिलं. सिरिंज भरली, रिकामी झाली, मागून सलाईन गेलं, म्हातारीचा हात वर धरला गेला.

आणि मग, खिडकीत बसल्यासारखा बारीक आवाज आला, "दिलं."

म्हातारी परत येईपर्यंत बाईंनी हात सोडले नाहीत. नंतर पाहिलं तर मनगटावर नखं उमटली होती.

त्याच दुपारी बाईंना मेमो मिळाला. साहित्याची नासधूस, स्प्रिंगचं नुकसान, विनापरवानगी सील तोडणे आणि पुतळ्याचा वारंवार मृत्यू, या सगळ्यांबद्दल लेखी खुलासा द्यावा. तो घेऊन येणारा शिपाई उत्तरासाठी टेबलाशी थांबला.

बाईंनी मेमो दोनदा वाचला. मग त्या ताठ उभ्या राहिल्या, उजवा हात उंच केला आणि अख्ख्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"खुलासा लिहिला! सही केली! दिला!"

आणि पेशंटकडे गेल्या.